जुळी अक्षरं काढायला आधी स्टॅक शिकवू नका

फळा_खडू: डिप्लोमाच्या मुलांना मी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवते. स्ट्रिंगमधली, म्हणजे अक्षरांच्या ओळीतली, शेजारची सारखी अक्षरं जोडीने काढायची, हा प्रश्न दिला की मुलं अर्थ न लावता स्टॅकचा (एकावर एक ठेवायची आणि वरूनच काढायची चळत) पाठ कोड उतरवतात. परवा एवढंच बदललं: जोडी उडवू नका, त्यातलं एक ठेवा. सगळा वर्ग अडला. आधी कागदावर खोडू द्या. ‘कटटकम’ घ्या. ‘टट’ खोडलं की दोन ‘क’ शेजारी येतात, तेही जातात, ‘म’ उरतो. मग बदल थांबेपर्यंत रिप्लेसचा लूप, म्हणजे जोड्या खोडायची तीच फेरी पुन्हा पुन्हा. स्टॅक त्यानंतर.

रात्रपाळी: अजिबात पटलं नाही, मॅडम. लूपची सवय पुढे सुटत नाही. १,००,००० अक्षरांची स्ट्रिंग घ्या: अर्धी सरळ, उरलेली तीच उलटी, मधे दुसरी जोडी नाही. दर फेरीला मधली एकच जोडी जाते. ५०,००० फेऱ्या, जवळपास २५० कोटी अक्षरं तपासायची! स्टॅकमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच येतं. वरच्याशी जुळलं तर वरचं काढायचं, नाहीतर त्यावर ठेवायचं. संपलं.

फळा_खडू: हिशेब मान्य. पण तो मुलांनी स्वतः मांडला तरच स्टॅक कशासाठी ते कळतं. आयता दिला की नुसतं पाठांतर.

वेलांटी: तुम्ही दोघंही ‘अक्षर’ गृहीत धरताय. ‘शशी’ पायथॉनला श, श आणि वेलांटी असा दिसतो. जोडी काढा, नुसती वेलांटी लोंबकळते. ‘काका’ मात्र मधल्या कान्यामुळे वाचतात. अक्षरगट, म्हणजे काना-वेलांटीसकट अख्खं अक्षर, धरलेत तर उलटं: ‘शशी’ वाचते आणि काका अख्खे गायब! आमच्याकडे दोनदा दाबल्या गेलेल्या कळा साफ करायला नावांच्या यादीवर ‘एक ठेवा’वाला कोड चालवला. ममताची मता झाली. एक-एक नाव हाताने दुरुस्त केलं. माणसाच्या नावावर हे चालवूच नये.

रात्रपाळी: नावांबद्दल शंभर टक्के सहमत. पण यातही स्टॅकच सरस. तुम्ही अक्षरगट पाडून द्या, तो तेच जुळवेल. मॅडमच्या लूपमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा (मजकुरात नमुना शोधायची खूण) ‘कुठलंही एक चिन्ह’ सांगणारा टिंब असेल, तर तो एका वेळी एकच कोडपॉइंट, म्हणजे संगणकाच्या लेखी एक सुटं चिन्ह, पकडतो. काना वेगळाच पडणार.

फळा_खडू: हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरीही कागद आधीच. सोमवारी फळ्यावर ‘कटटकम’शेजारी ‘ममता’ आणि ‘काका’ लिहिते, आणि काय खोडायचं ते मुलांनाच विचारते.