लॅब पट्टा प्रचंड ओढतो, चोक चेन घेऊ का?

बंड्याची_आई
नमस्कार मंडळी. आमचा बंड्या लॅब्राडोर आहे, वर्षाचा झालाय, वजन ३० किलोच्या आसपास. घरात शहाणा, बस म्हटलं की बसतो, पण गेटच्या बाहेर पाय पडला की अंगात येतं त्याच्या. सोसायटीसमोरच चिकनचं दुकान, तिथे भटकी कुत्री कायम ठाण मांडून, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत नुसती रस्सीखेच. परवा सासूबाई पडता पडता वाचल्या, आता त्या पट्ट्याला हात लावत नाहीत. दुकानदार म्हणतो चोक चेन घ्या, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी, दोन दिवसात सरळ होईल. घेऊ का? सध्या ते बटण दाबलं की आत गुंडाळलं जाणारं लांब लीश आहे आमच्याकडे.

सातारकर_डॉगी
ताई चोक चेन नको आणि ते गुंडाळणारं लीश आधी माळ्यावर टाका. त्याला आत स्प्रिंग असते, म्हणजे पट्टा कायम थोडा ताणलेलाच, आणि कुत्रा हेच शिकतो की ओढलं की पट्टा वाढतो. साधं पाच-सहा फुटी नायलॉनचं लीश घ्या आणि छातीवर पुढे रिंग असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा. रिंग पुढेच हवी हां, नुसती पाठीवर रिंग असेल तर छाती लावून अजून जोरात ओढतो, बर्फातल्या स्लेज गाड्यांना हस्की जुंपतात ते अशाच हार्नेसने.
आता मुद्दा असा की तो ओढतो आणि तुम्ही त्याच्या मागे जाता, म्हणजे ओढून त्याचं काम होतंय. ते बंद करायचं. पट्टा ताणला की जागेवर थांबा, झटका नाही, ओरडणं नाही, नुसतं उभं राहायचं, तो वळून बघेल किंवा एक पाऊल मागे येईल, पट्टा सैल पडला की लगेच शाब्बास आणि चालायला लागा. मधेमधे तुमच्या पायाजवळ चालत असेल तेव्हा खाऊ, तोही पायाजवळच द्यायचा, पुढे हात करून नाही. सुरुवात पार्किंगमध्ये करा, चिकनच्या दुकानासमोर नको, तिथे देव आला तरी ऐकणार नाही तो. आणि घरात सगळ्यांनी हेच करायचं, एकाने जरी ओढू दिलं की खेळ संपला.

जुना_शिपाई
हे सगळे लाड आहेत. आमच्या अल्सेशियनला साखळीच होती, एक झटका दिला की गप्प.

सातारकर_डॉगी
काका गप्प होतो कारण दुखतं. पण दुसरं कुत्रं दिसलं की दर वेळी गळा आवळला जात असेल तर तो त्या कुत्र्यालाच दोष देणार, मग भुंकणं आणि अंगावर जाणं सुरू. शिवाय श्वासनलिकेवर दाब येतो तो वेगळाच, पगसारखं चपट्या नाकाचं कुत्रं असेल तर विचारूच नका.

कारवानवाला
लॅबचं माहीत नाही पण कुणाकडे कारवान किंवा मुधोळ, म्हणजे आपली सडपातळ शिकारी कुत्री, असतील तर साधा गळपट्टा लावू नका, यांचं डोकं निमुळतं, मान जवळजवळ तेवढीच जाड, मागे सरकला की पट्टा हातात आणि कुत्रा शेताच्या पार. मार्टिंगेल नावाचा गळपट्टा मिळतो, ओढलं तर थोडाच आवळतो, तो घ्या. बाकी यांची नजर फार, लांब शेळी हलली तरी सुटतात, त्यामुळे तुम्हाला त्यांच्या आधी दिसायला पाहिजे.

बंड्याची_आई
धन्यवाद! पण त्या भटक्यांचं काय? आणि आमच्या घरात नॉनव्हेज आणत नाही, खाऊ काय देऊ?

फीडर_ताई
भटक्यांच्या हद्दीतून जाऊच नका ना, रस्ता ओलांडा. इतकं अंतर ठेवा की बंड्याला ती दिसतील पण तो तुमच्याकडेही बघू शकेल, मग रोज थोडं थोडं जवळ. ती अगदी जवळ असतील तेव्हा खिशातून खाऊ काढू नका, भांडणं तिथेच होतात. आणि थोडं हुंगू द्या हो त्याला, सैल पट्ट्याने चार पावलं चालला की बक्षीस म्हणून एक खांब हुंगायला सोडा, फुकटचं काम.
खाऊ म्हणाल तर पनीर, गाजर, उकडलेले चणे, नखाएवढे तुकडे बस. मनुका आणि द्राक्षं चुकूनही नको, किडनीला विषारी. लॅबला खाण्यावर शिकवणं सोपं असतं, केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये दाखवलंय की साधारण चारात एका लॅबच्या पीओएमसी नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो आणि असे लॅब खाण्यामागे जास्तच असतात. त्यामुळे खाऊ जेवणातून वजा करा, नाहीतर ३० चे ४० किलो होतील आणि मग सासूबाई काय, तुम्हीसुद्धा पडाल 😄