प्रतिसाद: ड्युअल बूटमध्ये घड्याळ मागं पडतंय

ड्युअल बूट, म्हणजे एकाच कम्प्युटरवर विंडोज आणि उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) दोन्ही टाकलेत, आणि घड्याळ मागं पडतंय म्हणून मदरबोर्डचा सेल बदलायला लगेच नवी पेठेतल्या बाजारात पळू नका ओ. उबंटूवरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागं दिसतंय म्हणताय ना, मग सेल गेलेला नाही, गेला असता तर तारीखच कुठल्या कुठं जुनी दाखवली असती. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहून ठेवतं, विंडोज त्यालाच लोकल टाइम समजतं, आणि आपला टाइम यूटीसीच्या 5:30 तास पुढं, तेवढाच फरक पडतोय बघा. उबंटूत टर्मिनल उघडून timedatectl set-local-rtc 1 ही कमांड द्या, मग उबंटूही मदरबोर्डच्या घड्याळात लोकल टाइमच लिहील, झालं काम. नंतर timedatectl status नं स्टेटस बघितलं की वॉर्निंग दिसेल, दिसू दे. खरं तर विंडोजलाच रजिस्ट्रीतून (विंडोजच्या आतल्या सेटिंग जिथं साठवतात तिथून) यूटीसी वापरायला लावणं जास्त बरं, पण नवीन माणसानं रजिस्ट्रीत कशाला हात घालायचा.