कप्स-ब्राउझ्ड हा डेमन न विचारता का बसवायचा?

पोर्ट_६३१
‘लिनक्समध्ये प्रिंटर आपोआप सापडलाच पाहिजे, कप्स-ब्राउझ्ड काढा म्हणणारे नवख्या लोकांचे शत्रू आहेत’ असं विधान वाचलं आणि राहवलं नाही.

शत्रू ठरवण्याआधी कोण काय काम करतो ते बघा. कप्स म्हणजे लिनक्सवरची छपाई सांभाळणारी प्रणाली; अवाही आणि कप्स-ब्राउझ्ड हे डेमन, म्हणजे मागे सतत चालणारे प्रोग्रॅम. नेटवर्कवरचा प्रिंटर शोधतो अवाही, यूडीपी पोर्ट ५३५३ वर. कप्स-ब्राउझ्ड सापडलेल्या प्रिंटरचे आपल्या मशीनवर क्यू (छपाईच्या कामांच्या रांगा) बनवून ठेवतो. पण कप्स २.२.४ पासून, ड्रायव्हर न लागणाऱ्या प्रिंटरचा तात्पुरता क्यू कप्स स्वतःच छपाईच्या वेळी बनवतं. मग हा मधला दलाल कशाला? तरी डेबियन १२ मध्ये कप्स टाकलं की तो ‘शिफारस’ म्हणून मागोमाग येतो आणि लगेच चालूही होतो.

सप्टेंबर २०२४ मध्ये काय उघड झालं ते आठवा. कप्स-ब्राउझ्ड यूडीपी पोर्ट ६३१ वर सगळ्या इंटरफेसवर ऐकत होता. कुणीही एक पॅकेट पाठवायचं, की हा त्या पत्त्यावर जाऊन ‘तुझे गुणधर्म सांग’ म्हणून विचारणार. आलेलं उत्तर न तपासता पीपीडी फाइलमध्ये (प्रिंटरच्या वर्णनाच्या फाइलमध्ये) जाणार, आणि त्यात घुसवलेली कमांड फूमॅटिक-रिप हा छपाईचा फिल्टर चालवणार.

हिशोबनीस
अर्धंच सांगितलंत. त्या खोट्या प्रिंटरवर कुणी प्रत्यक्ष छापायला दिलं तरच कमांड चालते, तीही एलपी या वापरकर्त्याच्या अधिकारात. घरच्या राऊटरमागे बाहेरचं पॅकेट पोचतच नाही. शिवाय कप्स-ब्राउझ्डच्या कॉन्फिग फाइलमध्ये ब्राउझ-रिमोट-प्रोटोकॉल्स या ओळीतून ‘कप्स’ एवढा शब्द काढला आणि ‘डीएनएसएसडी’ (अवाहीची पद्धत) ठेवला की ६३१ चं ऐकणं बंद. पुढे दुरुस्तीत तो जुना ‘कप्स’ प्रोटोकॉलच काढून टाकला. ढेकणापायी घर जाळू नका.

आणि तात्पुरत्या क्यूचं कौतुक करताना एक गोष्ट विसरलात. काही जुन्या प्रोग्रॅमना फक्त आधीपासून बनवलेले क्यूच दिसतात. कार्यालयातल्या माणसाला प्रिंटच्या खिडकीत प्रिंटरचं नाव दिसलं नाही, तर त्याच्या लेखी प्रिंटर बंद आहे.

पोर्ट_६३१
घरच्या राऊटरमागे ठीक. कॉलेजच्या वायफायवर, कॅफेत, वसतिगृहात शेजारचा लॅपटॉप त्याच नेटवर्कवर असतो, तिथे राऊटर काय वाचवणार? आणि मोठ्या कॅम्पसवर हा डेमन काय करतो ते पाहिलंय का? दिसेल त्या प्रिंटरचा क्यू बनवतो, दोनशे असले तर दोनशे. तो बंद पडला की त्याने बनवलेल्या क्यूवरचं काम अडकतं, कारण पुढे कुठे पाठवायचं ते त्यालाच विचारावं लागतं. मशीन बंद करताना दीड मिनिटाचा आकडा पळत राहतो आणि समोर ‘मेक रिमोट कप्स प्रिंटर्स अव्हेलेबल लोकली’, तो हाच.

लेझर_१०२०
तुम्ही दोघंही वायफायवरच भांडताय. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानात टेबलावर काय असतं? एचपी १०२० नाहीतर कॅनन एलबीपी २९००. दोन्ही यूएसबीवर. अवाही, कप्स-ब्राउझ्ड, आयपीपी-यूएसबी (नव्या यूएसबी प्रिंटरसाठीचा डेमन) यातलं काहीही डीफॉल्ट ठेवा, त्या दुकानदाराचं एक पानही निघणार नाही.

१०२० मध्ये फर्मवेअर कायम राहत नाही, वीज गेली की पुसलं जातं. प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते यूएसबीवरून पुन्हा चढवावं लागतं. एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हर संचाचा प्लगइन टाकला की हे काम होतं, पण प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. अपडेटमध्ये एचपीलिप पुढे गेलं आणि प्लगइन मागे राहिला, की दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई बंद. म्हणून एचपीलिप एपीटी-मार्कने होल्डवर (अपडेटपासून रोखून) ठेवा, आणि वाढवायचं त्या दिवशी प्लगइनही लगेच घाला.

हिशोबनीस
हा वेगळा धागा काढा. विषय डीफॉल्टचा आहे.

लेझर_१०२०
डीफॉल्टचाच आहे! डीफॉल्ट ठरवताना कोणाचा प्रिंटर धरायचा, हाच मुद्दा आहे. दुकानदाराला ‘नवखा’ म्हणायचं आणि सोय मात्र ज्यांच्याकडे नवा वायफाय प्रिंटर आहे त्यांची करायची, हे मला पटत नाही.

पोर्ट_६३१
विषय भरकटलाय खरा, पण कॅनन २९०० बद्दल सांगतोच, कारण तिथे सगळे एकाच जागी अडकतात. आधी एलपीअ‍ॅडमिन या कमांडने क्यू बनवायचा, पत्ता लोकलहोस्टच्या ५९६८७ पोर्टवरचा सीसीपी. मग सीसीपीडी-अ‍ॅडमिनमध्ये प्रिंटर डेव्ह-यूएसबी-एलपी० ला जोडायचा. त्यानंतरच सीसीपीडी, म्हणजे कॅननचा डेमन, पुन्हा सुरू करायचा. त्याचं स्टेटस पाहिलं तर दोन प्रोसेस दिसल्या पाहिजेत. एकच दिसली तर काम क्यूत पडून राहतं आणि प्रिंटर ढिम्म. केबल काढून घातली आणि एलपी० चं एलपी१ झालं, तरी तेच. त्यासाठी यूडेव्हचा (उपकरणांना नावं देणाऱ्या भागाचा) नियम लिहून पक्कं नाव द्या. ६४ बिट मशीनवर ३२ बिट लायब्ररी आधी टाका, नाहीतर सीसीपीडी उठतच नाही.

हिशोबनीस
आणि कागद? लोकेल (भाषा-देशाची सेटिंग) यूएस इंग्लिश ठेवलं की कागदाचा डीफॉल्ट लेटर, म्हणजे अमेरिकी आकार, होतो. ट्रेमध्ये ए४, काम लेटरचं, प्रिंटर दिवा लुकलुकवत थांबतो आणि लोक ड्रायव्हर पुन्हापुन्हा टाकत बसतात. ईटीसी फोल्डरमधल्या पेपरसाइझ फाइलमध्ये ‘ए४’ लिहा आणि क्यूचा कागदही तपासा, त्याची निवड वेगळी साठवलेली असते.

पोर्ट_६३१
हे मान्य. मूळ प्रश्नावरही एवढं मान्य करतो: डेस्कटॉपवर अवाही डीफॉल्ट राहू द्या, तो नसेल तर वायफाय प्रिंटर सापडणारच नाही. पण कप्स-ब्राउझ्ड ‘शिफारस’मधून ‘सुचवणी’त जावा, म्हणजे आपोआप न येता मागितल्यावरच यावा. सर्व्हरवर तर दोन्ही नकोत.

हिशोबनीस
सर्व्हरचं मान्य. डेस्कटॉपचं नाही. आधी एलपीस्टॅट या कमांडला छोट्या लिपीतला ‘ई’ पर्याय देऊन सापडलेल्या प्रिंटरची यादी पाहा. प्रिंटर तिथे दिसतो पण प्रोग्रॅमच्या खिडकीत दिसत नाही, अशी मशीनं जोवर आहेत तोवर तो डेमन काढायला मी तयार नाही.

लेझर_१०२०
आणि तिथेही दिसत नसेल तर राऊटरमधलं क्लायंट आयसोलेशन (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणारी सेटिंग) बंद करून पाहा. ते चालू असताना अवाही ज्यावर शोधतो ते मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेकांना जाणारं पॅकेट) पोचतच नाही, मग दोघांपैकी कोणताही डेमन ठेवा.