शब्दचर्चा : ‘व्हिजिलांटी’ बाईला मराठीत काय म्हणावं?

रत्नागिरीहून (प्रश्न)

‘जेसिका जोन्स’ या मालिकेवर कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी लेख लिहिते आहे. नेटफ्लिक्सवर २०१५ ते २०१९ या काळात तिचे तीन सीझन आले. क्रिस्टन रिटरने रंगवलेली ही जेसिका न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागात खासगी गुप्तहेर म्हणून पोट भरते. अंगात अचाट ताकद, पण मुखवटा नाही, झगा नाही. जीन्स आणि काळं जॅकेट, बस्स. लोक तिला ‘व्हिजिलांटी’ म्हणतात, म्हणजे कोणी नेमलेलं नसताना स्वतःच गुन्हेगारांचा बंदोबस्त करणारी. मी ‘रणरागिणी’ लिहिलं होतं, पण वाचून पाहणाऱ्या मैत्रिणीने ते खोडलं. मग दुसरा कुठला शब्द घेऊ?

मालवणहून

मैत्रिणीने खोडलं ते योग्यच केलं. रणरागिणी, वाघीण, दुर्गेचा अवतार ही सगळी कौतुकं झाली. गावातला दारूचा गुत्ता बंद पाडणाऱ्या बायकाही बातमीत रणरागिणी असतात आणि कबड्डीचा सामना जिंकणाऱ्या मुलीही. त्यातून ती बाई नेमकं काय करते ते कळत नाही. ‘वीरांगना’च्या वाटेला तर जाऊच नका, छापताना एक वेलांटी चुकली की अनर्थ होतो.

माझं मत ‘जागल्या’ला. व्हिजिलांटी हा शब्द इंग्रजीत स्पॅनिशमधून आला. तिथे त्याचा साधा अर्थ पहारेकरी, आणि मुळात लॅटिनमधला धातू जागं राहण्याचा. आपला जागल्याही जागण्यातूनच आला. शेतात रानडुकरं येऊ नयेत म्हणून रात्री माळ्यावर जाऊन बसतात त्याला अजून जागल म्हणतातच की.

चिपळूणहून

जागल्या सुंदर शब्द आहे, पण आता तो मोकळा राहिलेला नाही. कचेरीतला गैरव्यवहार उघड करणाऱ्या ‘व्हिसलब्लोअर’साठी मराठी वर्तमानपत्रांनी तो उचलला आणि तो चांगला रुळला. लेखात ‘जागल्या’ वाचून मुलींना वाटेल, जेसिकाने कुठलीतरी फाईल फोडली.

दुसरी अडचण जास्त मोठी. जागल्या हा गावाने नेमलेला माणूस, त्याचा मोबदला गावाकडून ठरलेला. व्हिजिलांटीला कोणीच नेमलेलं नसतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात १८५१ आणि पुन्हा १८५६ साली व्यापाऱ्यांनी ‘दक्षता समित्या’ काढल्या आणि सरकारी न्यायालय बाजूला सारून माणसं फासावर चढवली. या शब्दाला आज जो वास येतो तो तिथला. म्हणून ‘दक्ष नागरिक’ही चालणार नाही. आपला दक्ष नागरिक पोलिसांना फोन करतो आणि घरी जातो.

वेंगुर्ल्याहून

ताई, तुम्ही कोकणात बसून लिहिताय आणि ‘राखणदार’ कोणाच्याच तोंडून आला नाही, याचं मला नवल वाटलं.

आमच्या तालुक्यात आरवलीचा वेतोबा आहे. त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्या चपला झिजतात, अशी श्रद्धा. वाडीवाडीला देवचार, म्हणजे न दिसणारा राखणकर्ता, असतो तो वेगळा. त्याच्या काठीचा आवाज ऐकल्याचं सांगणारी माणसं प्रत्येक गावात भेटतील. वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत आणून सोडतो म्हणतात. तिन्हीसांजेला शेताडीतून एकटं यायचं झालं की आजी सांगायची, ‘भिया नको, राखणदार आसा पाठीक.’

आता या शब्दात काय काय आहे ते बघा. रात्र आहे, एकट्याने फिरणं आहे, माणसापेक्षा जास्त ताकद आहे आणि ठरावीक हद्द आहे. जेसिकाचं हेल्स किचन ही तशीच हद्द. बॅटवुमनची मालिका घेतलीत (२०१९ ते २०२२, तिचेही तीनच सीझन) तर तिथे गॉथम शहर. सगळ्या जगाचं रक्षण करणारे सुपरहिरो निराळे, या बायका आपापल्या शहराच्या. आणि नेमणुकीचं म्हणाल तर देवचाराला कोणी ठराव करून नेमत नाही. तो असतोच, लोक त्याला मानतात आणि वर्षाकाठी राखण देतात. कोंबडा असेल, नारळ असेल, त्या देण्यालाही राखणच म्हणतात. तो चुकला तर गाऱ्हाणं घालून त्यालाही जाब विचारता येतो. हा धाक मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘तारणहार’ म्हटलं की फक्त हात जोडायचे उरतात.

देवगडहून

दोन शंका. आमच्याकडे राखणदार म्हटलं की आंब्याच्या बागेत हंगामापुरता ठेवलेला माणूस डोळ्यासमोर येतो. बहुतेक बागांत नेपाळी असतात, पगार ठरलेला असतो. ते कसं जमवायचं? आणि बाईसाठी राखणदारीण म्हणायचं का?

त्याहून अवघड म्हणजे जेसिकाने मालिकेतला खलनायक किलग्रेव्ह याची मान मोडली. मारणाऱ्या बाईला राखणदार कसं म्हणता?

वेंगुर्ल्याहून

दादा, बागेच्या राखणदाराचं ओझं वाटत असेल तर पुढे ‘शहराची’ लावा, आंबा आपोआप बाजूला होईल.

‘राखणदारीण’ मात्र कृपा करून नको. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, जमीनदारीण म्हणजे जमीनदाराची. त्या चालीवर राखणदारीण ही राखणदाराच्या घरची होऊन बसेल. ‘जागलीण’चीही तीच गत. आज आपण ‘त्या तहसीलदार आहेत’ असं सरळ म्हणतो. तसंच ‘ती या शहराची राखणदार आहे’ म्हणा. क्रियापद आणि सर्वनाम बाईपण सांभाळतात, नामाला शेपूट कशाला?

आता मान मोडण्याचं. पहिला सीझन नीट आठवा. किलग्रेव्ह बोलेल ते समोरच्याला करावंच लागतं, जेसिकाही त्याच्या ताब्यात राहून आलेली. त्याने होप नावाच्या मुलीकडून तिच्याच आईबापांना गोळ्या घालवल्या आणि ती तुरुंगात गेली. तिचा दोष नाही हे सिद्ध करायला तो जिवंत हवा, म्हणून जेसिका जवळजवळ सगळा सीझन त्याला जिवंत धरायला धडपडते. होप जिवानिशी गेल्यावर, दुसरी वाट उरली नाही तेव्हा ती मारते. आणि त्या मारण्याचं तिला पुढे कधीच कौतुक वाटत नाही. मी तरी याला राखणच म्हणेन.

ट्रिशचं तसं नाही. जेसिकाची जिवलग, बहिणीसारखी वाढलेली ट्रिश तिसऱ्या सीझनपर्यंत स्वतः ताकद मिळवते आणि कोण जगावं, कोण मरावं हे एकटीच ठरवू लागते. शेवटी जेसिकाच तिला धरून पोलिसांच्या ताब्यात देते. इंग्रजीत दोघींनाही व्हिजिलांटी म्हणता येतं. मराठीत दोघींना एका शब्दात बसवू नका, एवढीच माझी विनंती. ट्रिशसाठी ‘कायदा हातात घेणारी’ हे रोजच्या बोलण्यातलं आहे, ते वापरा. पोलिसांच्या किंवा रागावलेल्या शेजाऱ्यांच्या तोंडी जेसिकालाही तेच शोभेल, कारण त्यांच्या नजरेत ती तशीच आहे. लेख लिहिणारीने स्वतःच्या शब्दांत मात्र ‘राखणदार’ लिहावं.

रत्नागिरीहून

‘राखणदार’ घेते. ट्रिशचा परिच्छेद मात्र नव्याने लिहावा लागेल, तिथे मी दोघींना एकाच ओळीत ‘रणरागिणी’ म्हटलं होतं. ‘जेसिका शहराची राखणदार होती, ट्रिशने कायदा हातात घेतला’ असं वाक्य टाकलं तर चालेल ना?

वेंगुर्ल्याहून

चालेल. फक्त ‘होती’ काढून ‘राहिली’ करा. शेवटच्या भागात ती शहर सोडायला स्टेशनापर्यंत जाते आणि माघारी वळते.