तीन महिन्यांचं बाळ आणि घरी शिकणारी सात वर्षांची मुलगी: दिवस कसा बसवता?

मनूची_आई (सोलापूर) · 3 जानेवारी, रात्री 1.20

बाळ आत्ताच पिऊन झोपलंय, मांडीवरच आहे, म्हणून एका हाताने लिहितेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही पूर्व भागात राहतो, अशोक चौकापासून जवळ. मोठी मुलगी मनू, श्रावणात सात पूर्ण झाली. बालवाडीत वर्षभर ती एक शब्द बोलली नाही. घरी आली की मात्र सगळ्या कविता घडाघडा म्हणायची. पहिलीला घालायची वेळ आली तेव्हा मी आणि ह्यांनी ठरवलं, हिला घरीच शिकवू, आधी मोकळी होऊ दे. आणि ती झाली. गेल्या वर्षी अक्षरं जुळवून वाचायला लागली. शेजारच्या अम्मम्मांकडे बसून तेलुगूत शंभरपर्यंत मोजायला शिकली, ओकटी, रेंडू, मूडू करत. वाण्याकडे जाऊन स्वतः सुटे मागून घ्यायची.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी मुलगा झाला. सिझर. पहिलं बाळंतपण माहेरी बार्शीला झालं होतं, हे इथंच केलं, मनूची घडी मोडू नये म्हणून. सव्वा महिना माझी आई होती, मग तिलाही जावं लागलं. आता घरात मी, आत्या (माझ्या सासूबाई) आणि हे. ह्यांची टॉवेलच्या कारखान्यात नोकरी, अक्कलकोट रोडला, सध्या रात्रपाळी. सकाळी येतात ते डोळे मिटतच येतात.

आमच्याकडे पाणी चौथ्या दिवशी येतं, कधी पहाटे तीनला, कधी त्याच्याही आधी. आत्यांचे गुडघे दुखतात, माझे टाके अजून ओढतात. मग मनू उठते. पाइप धरते, पिंप भरलं की हाक मारते.

खरं दुखणं हे की तिचं वाचन पार बंद पडलंय. पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. दुपारी ती बालभारतीचं पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली, पानात बोट घालून. तेवढ्यात बाळ रडायला लागलं. मी म्हटलं, "थांब गं मनू, पाचच मिनिटं." त्या पाच मिनिटांचा दिवस गेला. संध्याकाळी बघते तर पुस्तक परत फळीवर, आणि ही खाली बसून बाळाचे वाळलेले लंगोट घड्या घालतेय. कोपऱ्याला कोपरा जुळवून, एकावर एक. मला म्हणाली, "अठ्ठावीस आहेत आई. आपण बाळ मोठं झालं की वाचू." त्यानंतर तिने पुस्तकाला हात लावला नाही. मी घेऊन बसले तरी तिचं लक्ष पाळण्याकडे.

आत्या वाईट नाहीत. त्या म्हणतात, "घाल की शाळेत. दोघींचे हाल व्हायलेत." शेजारीपाजारीही तेच. रात्री जागं असताना मलाही वाटतं, त्यांचंच खरं असेल का? पोरीचं वर्ष मी वाया घालवतेय का?

ज्यांच्या घरी मोठं मूल घरी शिकतं आणि मांडीवर तान्हं होतं, त्यांनी दिवस कसा बसवला? आणि जूनमध्ये शाळेत घालायचं झालंच तर आता घेतील का? कुठली कागदपत्रं नाहीत, हीही धास्ती आहे.

---

होटगी_रोडवाली · 3 जानेवारी, सकाळी 9.05

ताई, आधी एक सांगा, जेवताय का वेळेवर? तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यांचं आलं, तुमचं नाही आलं.

माझी दोन्ही पोरं घरीच शिकतात. धाकटा झाला तेव्हा थोरला सहाचा होता, म्हणून तुमचं सगळं डोळ्यासमोर दिसतंय. तिसरा महिना फार जड जातो. बाळांचं ते रडणं सहाएक आठवड्यांना कळसाला जातं आणि तीन-चार महिन्यांत बऱ्याच बाळांचं आपोआप उतरतं. म्हणजे तुम्ही उताराला लागलाय.

आता कामाचं. बाळ न्हाऊन झाल्यावर किती झोपतं? माझं अडीच तास झोपायचं. त्या वेळात तुम्ही काय करता, मी सांगू? भाकऱ्या, धुणं, भांडी. मीही तेच करायची. मग आमच्या जाऊबाईंनी माझ्या हातातून परात काढून घेतली. त्या म्हणाल्या, अगं सोलापुरात राहून तू रोज भाकऱ्या कशाला थापतेस? कडक भाकरी विकत आण. आणलेली भाकरी पंधरा दिवस सहज टिकते, शेंगा चटणी आणि दही घरात असलं की ह्यांचं आणि पोरांचं जेवण झालं. बाळंतिणीला तेवढी एक गरम भाकरी आत्या टाकतील, त्यांना ते आवडेलही. डाळ कुकरला. बाकी काही नाही.

ते अडीच तास मनूचे. सगळे नकोत, तुम्हीही आडव्या व्हा, पण पहिला एक तास तिचा. बाळ दुसऱ्या खोलीत, आत्या पाळण्याजवळ, तुम्ही दोघी दार लोटून बाहेर.

आणि वाचायला तिला लावूच नका सध्या. तुम्ही वाचा. तिला नुसतं ऐकू द्या.

---

लातूरकर_बाबा · 3 जानेवारी, दुपारी 2.30

कागदांचं मी सांगतो, आम्ही त्यातून गेलोय.

शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, वय 6 ते 14. त्यातल्या कलम 4 प्रमाणे सहा वर्षांवरचं मूल कधीच शाळेत गेलं नसेल तरी त्याला वयाला शोभेल त्या वर्गात प्रवेश द्यायचा असतो, आणि मागे राहिलेलं भरून काढायला खास शिकवण्याची तरतूदही आहे. म्हणजे जूनमध्ये घाला किंवा पुढच्या जूनमध्ये, दार उघडं आहे. आधार आणि जन्मदाखला जपून ठेवा. महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना समोरासमोर विचारा.

घरीच ठेवायचं असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे (शाळेत न जाता परीक्षा देता येते ते) 'अ', 'ब', 'क' असे स्तर आहेत. ते तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरतात. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे, त्यात पाचवीला बसायला दहा वर्षं पूर्ण लागतात. मनू सातची आहे. तुमच्या हातात वेळ आहे. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात.

वर्ष वाया जातंय म्हणता, त्याचा हिशेब बघा. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास शिकवायचे असतात. दिवसाचे चार तास, तेही तीस पोरांत एका शिक्षकाने. तुमचा तासभर मनू एकटीच्या वाट्याला येतो.

आणि तुम्ही शिकवत नाही असं कोण म्हणतं? लंगोट मोजले, पिंप भरलं. दोनशे लिटरचं पिंप, पंधरा लिटरची बादली, तेरा बादल्या आणि वर थोडं. हा भागाकारच आहे.

---

निवृत्त_बाई · 3 जानेवारी, रात्री 8.15

मनूच्या आई, मी वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते.

मी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, बरीचशी मोहोळ आणि मंगळवेढा तालुक्यात. वरच्या भाऊंचं कायद्याचं म्हणणं बरोबर आहे. शेवटचं मला पटलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय आज झोप येणार नाही.

माझ्या वर्गात कडेवर भाऊ घेऊन येणाऱ्या मुली होत्या. ज्वारीच्या काढणीला आई रानात गेली की ती मुलगी घरी. मग आठवड्यात दोन दिवस, मग चार दिवस, मग येईनाशी. त्यांच्या आया दुष्ट नव्हत्या, त्यांना दुसरा हात नव्हता. त्या मुली हुशार होत्या, बादल्या मोजायच्या, दूध मापायच्या, बाळाचा ताप हाताने ओळखायच्या. पण त्यांना मोजता येतंय म्हणून कुणी खूश झालं की माझ्या पोटात खड्डा पडायचा. पहाटे तीनला झोपेतून उठून पाइप धरणं हे काम आहे, त्याला भागाकार म्हणू नका.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या कोसबाडला हेच ओळखलं होतं. आदिवासी मुली शाळेत येत नाहीत कारण पाठीवर धाकटं असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणली, विकासवाडी म्हणून. थोरलीने धाकट्याला घेऊन यावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि स्वतः वर्गात बसावं. मुलीच्या पाठीवरचं ओझं आधी उतरवलं, मग पाटी हातात दिली.

तुझी मनू लंगोटांच्या घड्या घालते त्यात माया आहे, ती मोडू नकोस. पण "बाळ मोठं झालं की वाचू" हे सात वर्षांच्या मुलीने म्हणावं, हे बरं नाही गं. ती आपल्या वाट्याचं सोडून देतेय. होटगी रोडच्या ताई म्हणतात तो एक तास तिला दे, आणि त्या तासात बाळाचं नावही काढू नकोस. पाण्याला तिला उठवू नकोस. काय वाटेल ते कर, पण तेवढं कर.

शाळेत घातलंस तरी काही बिघडणार नाही. चांगली बाई मिळाली तर बोलकी राहील. पण आत्ता, हात भरलेत म्हणून घालू नकोस. बाळ आलं आणि मला घराबाहेर पाठवलं, असं तिच्या मनात बसेल.

---

विजापूर_वेस · 4 जानेवारी, सकाळी 7.40

मी थोडं वेगळं सांगते. आम्ही थोरलीला धाकटी झाल्यावर शाळेत घातलं, अशाच अडचणीत. पहिला महिना रडली, मग मैत्रिणी मिळाल्या, आज चौथीत आहे आणि आनंदात आहे. तुम्ही घातलंत तर तुम्ही हरलात असं कुणी म्हणू नये, तुम्हीही म्हणू नका.

पाण्याचं म्हणाल तर आमच्या गल्लीत ज्याचं भरून झालं तो शेजारच्याची मोटर लावून देतो. विचारून बघा, लोक नाही म्हणत नाहीत.

---

मनूची_आई · 5 जानेवारी, रात्री 12.50

सगळ्यांचं दोनदा वाचलं. बाई, तुमचं वाचून रडू आलं. राग नाही आला. मला ते दिसत होतं, पण "किती शहाणी पोर आहे" असं सगळे म्हणायचे आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं.

ताई, जेवते. दुपारी तीनला, पण जेवते. कडक भाकरीचं उद्याच बघते. आत्यांना कसं सांगायचं ते ठरवायचंय. त्यांच्या हातच्या भाकरीचा त्यांना अभिमान आहे.

---

मनूची_आई · 19 जानेवारी, दुपारी 12.10

पंधरा दिवस झाले, सांगितलंच पाहिजे म्हणून आले.

आत्यांना मी सरळ विचारलं, "आत्या, मनूसाठी एक तास मला द्याल का?" भाकरीचा विषयच काढला नाही. त्याच म्हणाल्या, "मग भाकरीचं काय करायचं? कडक आणू या की." पुढच्या गल्लीतल्या एका मावशी करतात, त्यांच्याकडून आणल्या. माझी गरम भाकरी आत्या टाकतात, वर तुपाची धार. बाळाला न्हाऊ घालून, गुंडाळून पाळण्यात ठेवतात आणि दोरी हातात घेऊन बसतात. मी आणि मनू गच्चीवर, उन्हात चटई टाकून.

पहिले चार दिवस तिने पुस्तक बघितलंसुद्धा नाही. मी वाचत राहिले, ती पाठ करून कठड्याशी उभी. दर थोड्या वेळाने, "बाळ रडलं का?" मी म्हणायची, "आजी आहे." पाचव्या दिवशी मी डॉक्टर कोटणीसांचं सांगत होते. आपल्या सोलापूरचा मुलगा, 1938 मध्ये चीनला जखमी सैनिकांची सेवा करायला गेला, तो परत आलाच नाही, तिथंच 1942 मध्ये वारला. ती वळली. म्हणाली, "त्याच्या आईला कळलं का?" आणि चटईवर येऊन बसली. मग रोज तिथूनच पुढे. चीन कुठं, बोटीने किती दिवस, त्याला चिनी कसं यायचं. "मला तेलुगू आलं तसं?" असं तिनंच विचारलं.

गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या यात्रेत ह्यांनी सुट्टी काढली. बाळाला नेलं नाही, गर्दी आणि धूळ. आम्ही तिघं गेलो, विजापूर वेशीत उभे राहिलो. मनू ह्यांच्या खांद्यावर. नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, आले तसे मोठ्याने मोजत गेली, सातही. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं काठी तोलत चालत होती, ते बघून विचारलं, "बाबा, एवढी जड काठी पडत कशी नाही?" ह्यांनी घरी येऊन झाडू तळव्यावर उभा करून दाखवला. दुसऱ्या दिवशी गच्चीवर तासभर फक्त झाडूच चालला होता. मी मध्ये बोलले नाही.

पाण्याला आता तिला उठवत नाही. विजापूर वेसच्या ताईंचं ऐकून समोरच्या अण्णांना विचारलं, त्यांचा मुलगा रात्री अभ्यासाला जागाच असतो, तोच पाइप लावतो. एकदा तो गावाला गेला होता तेव्हा एकच पिंप भरलं आणि चार दिवस काटकसरीत काढले. काढले.

शाळेचं जूनमध्ये ठरवू. ह्यांनी महापालिकेच्या शाळेत जाऊन बाईंशी बोलून ठेवलंय, त्या म्हणाल्या, आधी मुलीला घेऊन दोन-तीनदा नुसत्या या. बाई, तुम्ही म्हणालात तसं, आता कुठलाही निर्णय बाळापायी घेणार नाही.

काल सिद्धेश्वरांनी शहरात 68 लिंगं स्थापन केली हे तिला सांगितलं, तर म्हणते सगळी बघायची. वहीत 1 ते 68 आकडे घालून रकाने आखलेत, वाकडेतिकडे. पाच झाली आहेत. प्रत्येकापुढे ठिकाणाचं नाव ती स्वतः लिहिते, विचारत विचारत.

बाळ उठलं वाटतं. आत्यांचा आवाज येतोय, पण मनूचा तास संपायला अजून दहा मिनिटं आहेत, त्या घेतील त्याला.