मार्गो मार्टिनडेल: ‘कॅरेक्टर ॲक्ट्रेस’ हा किताब की कप्पा?

रातकिडा
‘जस्टिफाइड’ या अमेरिकन गुन्हेगारी मालिकेचा दुसरा सीझन परत बघून संपवला, तेव्हापासून डोक्यात हेच चालू आहे. (पुढे कथानक फुटतंय. ज्यांना बघायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.)

केंटकीतल्या हार्लन काउंटीत गांजाचा धंदा करणारी मॅग्ज बेनेट, म्हणजे मार्गो मार्टिनडेल. तिला न विचारता बाहेर फोन करणाऱ्या एका माणसाला समोर बसवते, बरणीतून ‘ॲपल पाय’ नावाची हातभट्टीची ओतते, इकडच्या तिकडच्या गप्पा मारते. तो पितो. मग कळतं की विष बरणीत नव्हतंच, ग्लासात आधीपासून होतं. आणि ही बाई त्याचा हात धरून, तुझ्या मुलीचं मी बघेन, असं आजाऱ्याची समजूत काढावी तसं बोलत राहते. मी तीनदा मागे नेऊन बघितलं.

या कामाला मार्टिनडेलला २०११ साली एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळालं. सहाय्यक अभिनेत्रीचं, वयाच्या साठीला. माझं म्हणणं एवढंच की हिला वर्षानुवर्षं कडेला उभं केलं आणि वर ‘कॅरेक्टर ॲक्ट्रेस’, म्हणजे नायिका नव्हे तर चरित्र भूमिका करणारी, असं गोंडस नाव दिलं. १९८७ साली न्यूयॉर्कला ‘स्टील मॅग्नोलियाज’ नाटक आलं, त्यातली पार्लरवाली ट्रूव्ही पहिल्यांदा हिनेच उभी केली. दोन वर्षांनी सिनेमा निघाला तेव्हा ट्रूव्ही कोण? डॉली पार्टन. कणीक मळायची हिने, पोळ्या वाढायच्या दुसरीने.

ठसका
साफ असहमत. पार्टनच्या नावावर तिकिटं खपतात, त्यात कसला अन्याय? आणि ‘कडेला उभं केलं’ हे दुःख तुमचं आहे, त्या बाईंचं नव्हे.

मधोमध उभं केल्यावर काय झालं तेही बघा की. २०१३ मध्ये सीबीएस वाहिनीने ‘द मिलर्स’ या कॉमेडीत विल आर्नेटच्या आईची भरभक्कम भूमिका दिली. दुसरा सीझन पुरा व्हायच्या आत गाशा गुंडाळला. त्या मालिकेपायी ‘द अमेरिकन्स’ या हेरांच्या मालिकेतल्या तिच्या क्लॉडियाचं काम कमी करावं लागलं, ती नुसती पाहुणी कलाकार उरली. आणि त्याच पाहुणीला २०१५ आणि २०१६, लागोपाठ दोन एमी! सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीची हस्तक, दिसायला शेजारच्या आजीबाई. येते, दोन वाक्यं बोलते, आणि ती गेल्यावर मालिकेची नायिका एलिझाबेथइतकंच आपल्यालाही बसल्या जागी अस्वस्थ वाटतं. हेच काम दर भागात चाळीस मिनिटं दिलं असतं तर पाणी घातलेल्या आमटीसारखं झालं असतं.

रातकिडा
‘द मिलर्स’ पडली ती लिखाणामुळे. विनोदच शिळे होते. त्याचं बिल हिच्या नावावर का फाडताय?

चहाटळ
तुम्ही दोघं भांडा, मी ‘बोजॅक हॉर्समन’ लावतो. त्या कार्टूनमध्ये ती स्वतःच स्वतःचा आवाज देते, बँक लुटते, फरार होते. आणि जो तो तिला ‘कॅरेक्टर ॲक्ट्रेस मार्गो मार्टिनडेल’ असंच म्हणतो, जणू पाळण्यातलं नाव तेच. जिला या शिक्क्याचा त्रास होतो ती असली थट्टा स्वतः करेल का हो?

रातकिडा
करेल की. थट्टा केली म्हणजे टोचत नाही असं थोडंच आहे?

दुपारची झोप
मालिका मी फार बघत नाही, पण ‘पॅरिस, जतेम’ (२००६) मधली अलेक्झांडर पेनची गोष्ट कुणीच कशी काढली नाही? डेन्व्हरची पोस्टवाली, एकटी पॅरिसला आलेली, शिकवणीतल्या फ्रेंचमध्ये आपल्या सहलीचं वर्णन वाचते. उच्चार असे की फ्रेंच माणसाने कानावर हात ठेवावेत. कबरस्तानात तत्त्वज्ञ सार्त्रबरोबर त्याची जोडीदार लेखिका सिमोन द बोव्हारऐवजी दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यवीर सिमोन बोलिव्हारला पुरते! हसता हसता ती बागेतल्या बाकावर बसते, सँडविच खाते, आणि आनंद आणि उदासी एकदमच चेहऱ्यावर येतात. तिथे ती नायिकाच आहे, दुसरं कुणी नाहीच. त्यामुळे मध्यभाग हिला झेपत नाही हे ठसका यांचं म्हणणं मला पटत नाही.

ठसका
काही मिनिटांची गोष्ट आहे हो ती. माझाच मुद्दा झाला.

उंबरा
‘मिलियन डॉलर बेबी’ आईबरोबर बघितला होता. मुलगी हौसेने घर घेऊन देते आणि मार्टिनडेलने केलेली तिची आई सरकारी मदत बंद होईल म्हणून तिच्यावरच उखडते. आमच्या आईने टीव्हीसमोर जे शब्द काढले ते इथे लिहिता येणार नाहीत. ‘मिसेस अमेरिका’ मालिकेत तीच बाई स्त्रीवादी पुढारी बेला ॲबझग झाली, तेव्हा टोपीखालची ही तीच, हे आईला मी सांगितलं तरी पटेना.

रातकिडा
मग या बाईला मालिकेच्या केंद्रस्थानी ठेवायला २०२४ उजाडावं लागलं, याचं काय? ‘द स्टिकी’, क्विबेकमधल्या मेपल सिरपच्या चोरीवरून बेतलेली. तेव्हा ती ७३ वर्षांची. माझी तक्रार या उशिराबद्दल आहे.

ठसका
उशीर झाला, मान्य. पण त्या ‘जस्टिफाइड’च्या सीझनचा शेवट आठवा. पुन्हा तीच बरणी, समोर टिमथी ऑलिफंट, म्हणजे मालिकेचा नायक. मॅग्ज दोन ग्लास भरते. विष कुणाच्या ग्लासात आहे ते आपल्याला ठाऊक नाही. त्या वेळी तुम्ही बघत कुणाकडे होता?

रातकिडा
तिच्याकडे. म्हणून तर चिडलोय.