आजीसाठी रोबो करतोय, त्याला डोळे द्यावेत का?

कोथरूडचा_नातू:
माझी आजी ८१ वर्षांची आहे. हल्ली सकाळची बीपीची गोळी घेतली की नाही, हे तिच्या लक्षात राहत नाही. आठवण करून देणारा, दोन शब्द बोलणारा छोटा रोबो मी घरीच बनवतोय. मोटर, स्पीकर, माइक सगळं जमलंय, गाडी अडलीय ती रूपावर. चित्र दाखवलं तेव्हा आजी "छान आहे रे" म्हणाली. म्हणून थर्माकोलचा नमुना केला, त्याला टपोरे डोळे लावले आणि तिच्या खोलीत तिपाईवर ठेवला. सकाळी बघतो तर त्याच्यावर टॉवेल! म्हणाली, "रात्रभर टक लावून बघतंय मेलं. त्याच्यासमोर लुगडं कसं बदलू?" फार वाईट वाटलं. काय चुकलं?

ओसाकाहून_मेघना:
चित्र बघून माणसं आपलं मन राखतात. वस्तू हातात द्या. मी इथे वृद्धांच्या काळजीगृहात काम करते. आमच्याकडे पारो नावाचा रोबो आहे, सील या समुद्री प्राण्याच्या पांढऱ्या पिल्लासारखा. जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून त्यावर काम केलं. आधी कुत्रा-मांजर करून पाहिले, पण लोक खऱ्या मांजराशी ताडून बघायचे आणि खोट काढायचे. सील कुणी पाळलेलाच नसतो, मग ताडणार कशाशी? वजन सुमारे २.७ किलो, तान्ह्या बाळाएवढं. आमच्या एक आजी त्याला उचलताना आधी मानेखाली हात घालतात. कुणी शिकवलेलं नाही, वजनच सांगतं.

निवृत्त_मास्तरांची_लेक:
माझ्या बाबांना असं पिल्लू दिलं तर ते दुखावतील. ३६ वर्षं शाळेत शिकवलंय त्यांनी. त्यांना बाहुलं नको, टेबलावर शोभेल अशी वस्तू हवी. एलिक्यू नावाचा रोबो दिव्यासारखा आहे. डोकं वळवतो, पण त्याला नाकडोळे नाहीत. असं काही त्यांना चालेल. तुमच्या आजीला काय हवं ते आजीच सांगणार, आम्ही नाही.

स्पीच_थेरपिस्ट_नाशिक:
चेहरा वाईटच असं नाही हं. इंग्लंडच्या हार्टफर्डशायर विद्यापीठातला कास्पर हा रोबो ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आहे. त्याला चेहरा आहे, पण मुद्दाम साधा ठेवलाय. एकदम खूप भाव दिसले की या मुलांचा गोंधळ उडतो.

कोथरूडचा_नातू:
मेघनाताई, तुमचं ऐकून सुती कापडाच्या तीन पिशव्या शिवल्या, त्यांत वाळू भरली: अर्धा किलो, एक किलो, दोन किलो. आजीने तिन्ही मांडीवर घेऊन पाहिल्या. दोन किलोची लगेच खाली ठेवली, गुडघे दुखतात तिचे. एक किलोची मात्र बोलता बोलता थोपटत बसली. डोळ्यांचं विचारलं तर म्हणाली, "डोळे कशाला? कान दे त्याला. मी बोललेलं ऐकणार कशाने?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता तिच्याच जुन्या लुगड्याचे कान शिवतोय आणि माइक त्या कानातच बसवायचाय. दुपदरी सुती कापडातून आवाज नीट पोचेल का? कुणी करून पाहिलंय?